बेंदराचा दुसरा दिवस

जगात रोज काहीतरी महत्त्वाचं घडतं, हा गैरसमज मी बेळगावच्या एका मराठी दैनिकात बसून सव्वीस वर्षं पोसला. आतल्या पानावर डाव्या कोपऱ्यात, राशिभविष्याच्या खाली आणि शब्दकोड्याच्या वर, ‘दिनविशेष’ नावाची चौकट यायची. आजच्याच तारखेला पूर्वी कुठल्या साली काय झालं, कोण जन्मलं, कोण गेलं, एवढंच तिच्यात असायचं. ती चौकट मी भरायचो. बाहेरच्या लोकांना वाटायचं, हा गृहस्थ मोठा इतिहासकार असणार. ऑफिसात मला ‘तारखेवाले’ म्हणायचे. ते जास्त खरं होतं.

हा धंदा कसा चालतो ते सांगतो, म्हणजे कुणाला उगाच आदर वाटायला नको. माझ्या टेबलाशेजारी लाकडी खणांचं एक कपाट होतं. एका होमिओपॅथी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ते ऑफिसात आलं. त्यात तीनशे सहासष्ट कार्डं. दर तारखेला एक, आणि एकोणतीस फेब्रुवारीचं चार वर्षांतून एकदा उजेड बघणारं. जुनी वार्षिकं, पंचांग, शाळेची पुस्तकं आणि दुसऱ्यांची वर्तमानपत्रं यांतून जे मिळेल ते त्या कार्डावर चढवायचं. रोज सकाळी अकराला दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं कार्ड काढायचं, त्यातल्या पाच ओळी निवडायच्या आणि गेल्या वर्षी दिल्या त्याच आहेत हे वाचकाला कळणार नाही इतपत शब्द फिरवायचे. झाला इतिहास.

काही तारखा जाड असतात. त्या दिवशी राजे जन्मतात, युद्धं संपतात, माणूस चंद्रावर उतरतो. कार्डावर जागा पुरत नाही. काही तारखा बारीक. त्या दिवशी सगळ्या जगानं जणू रजा घेतलेली असते. जूनमध्ये अशा तीन-चार बारीक तारखा होत्या आणि त्या आल्या की मला घाम फुटायचा. उलट जाड तारखेला नेमकी जाहिरात यायची. तणनाशकाची दोन इंच वाढली की दिनविशेष खालून कापला जायचा. निधनं सगळ्यात शेवटी असायची, म्हणून ती आधी जायची. मी डोळ्यांनी बघितलंय, एक थोर शास्त्रज्ञ सलग तीन वर्षं तणनाशकामुळे मेलाच नाही.

वाचक तर विचारू नका. एका थोर पुरुषाची जयंती कुठल्या तारखेची, यावरून दोन गट दरवर्षी आलटूनपालटून माझ्या टेबलावर मुठी आपटून जायचे. मी दोन्ही तारखांना जयंती छापायचो. माझ्या लेखी तो थोर पुरुष दोनदा जन्मला आणि दोन्ही गटांनी मला निःपक्षपाती ठरवलं. एका सहकारी संस्थेच्या संचालकांनी स्वतःचा जन्मदिवस दिनविशेषात घालायला सांगितला. तारीख एक जून. आमच्याकडं साठीपुढच्या माणसांत एक जूनचे जन्म ढिगानं सापडतात, कारण शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजी एक जून ठोकून द्यायचे. मी त्यांना म्हटलं, “साहेब, त्या दिवशी तुम्ही जन्मला नाहीत, तुमच्या गुरुजींनी शाई वापरली.” ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं.

आणि एक नोव्हेंबर. ही आमच्या गावची सगळ्यात जाड तारीख. राज्यांची फेररचना झाली त्या दिवशी. एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे नाचत जातात, दुसऱ्या रस्त्यानं काळ्या फिती लावलेली फेरी जाते. एकाच शहरात, एकाच सकाळी. आमच्या चौकटीत ‘काळा दिवस’, कन्नड दैनिकाच्या चौकटीत ‘राज्योत्सव’. त्या कन्नड दैनिकात माझंच काम करणारा एक गृहस्थ होता, त्याला इथं बसप्पा म्हणतो. आम्ही दोघं त्या दिवशी न चुकता एकाच टपरीवर चहाला भेटायचो. तो विचारायचा, “तुमच्यात सुतक, आमच्यात बारसं. साखर किती?” दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आयुष्यभर केलेल्या भाषणांपेक्षा मला हे वाक्य जास्त समंजस वाटत आलं आहे.

एवढ्या फालतू कामाला किंमत होती ती एकाच ठिकाणी. शाळांत. सकाळच्या परिपाठात प्रार्थना झाली, सुविचार झाला की एक पोरगी माइकवर दिनविशेष वाचते. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या कितीतरी शाळांत ती चौकट कापून, वहीला चिकटवून वाचली जायची. कर्णा शाळेच्या माळवदावर, म्हणजे शाळेत न गेलेल्यांनाही ऐकावंच लागायचं. चंपाक्का माझ्याकडं आली ती या कर्ण्यामुळे.

तिचं खरं नाव चंपाक्का नाही. गावाचं नावही मी लिहिणार नाही, का ते शेवटी कळेल. चिकोडीच्या बाजूला नदीकाठी गाव. घरचे जैन, शेती बेताची. बाई तेव्हा सत्तरीच्या आसपास, उंच, ताठ, डोळ्याला जाड भिंगं. बेळगावला पिरनवाडीत तिचा भाचा राहायचा. वर्षातून एकदा त्याच्याकडं यायची, आणि तिथून बसनं थेट आमच्या ऑफिसात. हातात स्टीलचा डबा. डब्यात कडबोळी.

“तारखा लिवतासा ते तुम्हीच न्हवं?” पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं.

“व्हय, मीच. काय काम काढलंत?”

“आमच्या शाळंत रोज सांगत्यात. अमक्या दिवशी अमका राजा मेला, तमक्या दिवशी इमान उडालं. आमच्या गावात बी एक दिस झालाय. त्यो सांगत न्हाईत. त्यो घाला म्हणून आलते.”

आणि तिनं सांगितलं. ती आठ वर्षांची असताना नदीपलीकडच्या रानात शेंगा टोकायला, म्हणजे भुईमुगाचं बी लावायला, सातजणी नावेतून निघाल्या. त्यात तिची थोरली बहीण, वय बारा. बाकीच्या अशाच, दहा ते पंधरामधल्या. नदीला नवं पाणी आलं होतं. मधोमध नाव उलटली. नावाडी पोहून काठाला लागला, सातजणी गेल्या.

“कधीची गोष्ट?”

“बेंदराचा दुसरा दिस. सण म्हणून आदल्या दिशी कामं बंद हुती. दुसऱ्या दिशी सगळ्यास्नी घाई.”

“साल?”

“गाव आजून मुंबईकडं हुतं. थोरल्या दादाचं लगीन झाल्यालं वरीस, न्हायतर म्होरलं.”

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा ते माझं नेहमीचं हसणं होतं. मी तिला समजावलं, की आक्का, असं चालत नाही. तारीख लागते, साल लागतं, पुरावा लागतो. पंचनामा आहे का? ती म्हणाली, फौजदार आला होता, कागद केले होते. मग राज्य बदललं. तिच्या भावानं चिकोडीला विचारलं तर म्हणाले बेळगावला बघा. बेळगावला म्हणाले जुने कागद पुण्याला गेले असतील. पुण्याला कोण जाणार? दोन राज्यं त्या गावासाठी इतकी वर्षं भांडत आली आणि त्या गावच्या सात पोरींचा कागद एकालाही सांभाळता आला नाही.

ती दरवर्षी येत राहिली. दरवर्षी तेच बोलणं, तीच कडबोळी. ती जाड, खमंग, तीळ लावलेली कडबोळी मी आणि शेजारचा क्रीडावाला मिळून संपवायचो. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मला कीव आली. आमच्या दैनिकाच्या जुन्या अंकांच्या फायली तळमजल्यावर होत्या. बेंदूर म्हणजे बैलांचा सण, आषाढी पौर्णिमेचा, हे मला पाठ. तिच्या दादाच्या लग्नाचं साल भाच्याला विचारून घेतलं. जुन्या पंचांगावरून दोन्ही सालांतली ती पौर्णिमा काढली, इंग्रजी तारखा काढल्या. दोन्ही साली जुलैच. पुढच्या-मागच्या आठवड्यांसकट सगळी पानं ओळ न् ओळ वाचली. वाळवीनं खाल्लेल्या कडाही सोडल्या नाहीत. नाव उलटल्याची बातमी नव्हती.

मग मी खात्रीनं सांगायला लागलो. “आक्का, मी स्वतः बघितलंय. अशी बातमी नाही.”

“म्हंजे झालंच न्हाय म्हणतासा?”

“तसं नाही. पण छापता येणार नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?”

शेवटच्या वर्षी ती जास्त वाद न घालता उठली. डबा पदरात गुंडाळला आणि म्हणाली, “बराबर हाय तुमचं. पेपरात लबाड येत न्हाय, म्हणून तर इथं येत हुते.”

ती जिना उतरून गेली. मी चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं कार्ड काढलं. बारीक तारीख. कार्डावर दोनच ओळी, त्यातली एक कुठल्याशा परदेशी पुलाची.

आता त्या काळातली दुसरी भानगड सांगायला हवी. निपाणीहून निघणारं एक पत्र आमचा दिनविशेष रोज कापून पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. म्हणजे मी या वर्षी जे दिलं, ते पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्यांच्याकडं. छपाईच्या चुकांसकट. माझ्याकडून एकदा एका राणीचं वय दोनशे बारा पडलं होतं. त्यांच्याकडंही ती दोनशे बारा वर्षं जगली. मी वृत्तसंपादकांकडं तक्रार केली. ते म्हणाले, “चोरी सिद्ध करा.” कशी करणार? इतिहास काय माझ्या बापाचा होता?

सिद्ध करायचा एकच मार्ग. जे कधी घडलंच नाही असं एक काहीतरी घालायचं, आणि ते त्यांच्याकडं आलं की मान पकडायची. त्या दिवशी माझ्यापुढं बारीक कार्ड होतं, आणि तोंडात चंपाक्काच्या गावाचं नाव होतं. मी लिहिलं, की स्वातंत्र्याच्या आधीच्या अमुक साली आजच्या दिवशी त्या गावात मुलींची पहिली शाळा एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सुरू झाली. गोठा मला फार आवडला. गोठ्यामुळे खरं वाटतं. पाच मिनिटांत ओळ झाली, पुरावा कुणी मागितला नाही. चार दिवसांपूर्वी नव्हे, दोनच तासांपूर्वी मी एका बाईला पुराव्यावर व्याख्यान दिलं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला निपाणीच्या पत्रात ओळ आली. गोठ्यासकट. मी अंक काखेत मारून निपाणीला गेलो. तिथले संपादक पान खात होते. त्यांनी शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. एका व्यापाऱ्यानं गिऱ्हाइकांना वाटलेलं, तारखेखाली बारीक अक्षरांत दिनविशेष छापलेलं. त्यातही गोठा होता. “आम्ही तुमच्याकडनं कशाला घेऊ?” ते म्हणाले. “हे तर सगळ्यांनाच म्हाईत हाय.”

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चोर पकडायला गेलेल्या माणसानं स्वतःच खोटी नाणी पाडली होती हे कोणत्या तोंडानं सांगणार? मनात म्हटलं, जाईल विसरून. आमच्या चौकटीतून मी ती ओळ गुपचूप काढून टाकली, तर तीन वाचकांची पत्रं आली, की मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासावर तुम्ही अन्याय करता. पुन्हा घातली.

मग मोबाइल आले आणि सगळं हाताबाहेर गेलं. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर शुभेच्छा आणि खाली दिनविशेष. गोठ्यातली शाळा त्या फुलांत जाऊन बसली. परिपाठाच्या पुस्तिकेत गेली. स्पर्धा परीक्षेच्या एका गाइडात ती चार पर्यायांसकट आली. माझ्या पुतण्याच्या मुलीनं मला घरी प्रश्न घातला, “आजोबा, गोठ्यात भरलेली मुलींची पहिली शाळा कुठली?” मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. तिनं मला दुरुस्त केलं.

मी निवृत्त झालो. चंपाक्का येईनाशी झाली होती. गुडघे गेले, असं भाचा एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला दोन माणसं घरी आली. एक त्या गावचे पंचायत अध्यक्ष, दुसरे मुख्याध्यापक. गावात त्या शाळेचा स्थापनादिन साजरा करायचं ठरलं होतं. शाळेच्या आवारात कोनशिला बसवायची. आणि हा इतिहास ज्यांनी प्रथम उजेडात आणला त्यांचा सत्कार. म्हणजे माझा.

“गोठा नेमका कुठला, ते सापडलं का?” मी विचारलं.

“तीन घरं म्हणत्यात आमचाच,” अध्यक्ष अभिमानानं म्हणाले. “भांडाण हुईल म्हणून तेवढं दगडावर घातलं न्हाय.”

मी जायला नको होतं. पण माणूस शालीसाठी काय काय करतो हे मी इतरांचं आयुष्यभर बघून हसलो होतो, आता माझी पाळी आली. मनाला सांगितलं, तिथंच माइकवर खरं सांगून टाकू. हे मी बस चिकोडीला पोचेपर्यंत सांगत होतो.

पाहुण्यांच्या चहापाण्याची सोय शाळेसमोरच्या घरात केली होती. अध्यक्षांशी बोलत मी उंबऱ्यातून आत गेलो आणि समोर भिंतीला टेकून चंपाक्का बसलेली. ऐंशी ओलांडलेली. भिंगं आणखी जाड झालेली. तिनं मला आवाजावरून ओळखलं.

“तारखेवाले. आलासा शेवटाला.”

अध्यक्षांना वाटलं ही जुनी ओळख आहे, ते खुशीनं मांडव बघायला गेले. तिच्या सुनेनं ताटलीत कडबोळी आणून ठेवली. तीच, जाड, तीळ लावलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “दरवर्षी तुमची कडबोळी खायचो. आज अगदी ताजी मिळाली.”

“ताजी कुठली. बेंदराची हाईत. चार दिस झालं.”

“बेंदराची? बेंदूर तर अजून महिन्यानं आहे, आक्का.”

“त्यो तुमचा. म्हाराष्ट्राचा. आमच्यात ह्योच करत्यात, जेठाच्या पुनवंचा. बैलांच्या शिंगात कडबोळी घालत्यात, उरल्याली माणसं खात्यात.”

मी हातातलं कडबोळं ताटलीत ठेवलं. पंचांगात दोन्ही छापलेले असतात. ज्येष्ठी पौर्णिमेपुढं ‘कर्नाटकी बेंदूर’, आषाढीपुढं ‘महाराष्ट्रीय बेंदूर’. माझ्या आयुष्यात ही दोन नावं मी किती वेळा वाचली असतील. पण बाई मराठी बोलत होती, मराठी पेपरात आली होती. तिचा बेंदूर महाराष्ट्राचाच असणार, यात मला विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सीमावादावर बाहेरून येऊन बोलणाऱ्यांना मी मूर्ख म्हणत आलो. आणि ती दरवर्षी जूनमध्ये यायची. सण उरकून, सणाची कडबोळी घेऊन यायची. मी तोंडात बेंदराची कडबोळी धरून जुलैची पानं चाळत बसलो होतो.

तिला त्या क्षणी काही सांगायचं मला धाडस झालं नाही. कर्ण्यावरून नावं पुकारायला लागले आणि मला व्यासपीठावर नेलं.

मांडवात दोन-अडीचशे माणूस. मुलींनी गोठ्याचा देखावा केला होता, त्यात खरं वासरू. कोनशिलेवर माझी तारीख, माझं साल. भाषणं झाली. एका वक्त्यानं त्या शेतकऱ्याच्या दूरदृष्टीचं वर्णन करताना डोळे पुसले. कधी नसलेल्या माणसासाठी इतकं खरं रडू मी पहिल्यांदा बघितलं. मग मुख्याध्यापक म्हणाले, गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या चंपाक्का त्या शाळेविषयी दोन शब्द सांगतील.

तिला दोघींनी धरून आणलं. माइक तोंडापुढं धरला.

“मला शाळा ठावं न्हाय,” ती म्हणाली. “मी सात नावं सांगते.”

पहिलं नाव तिच्या बहिणीचं. मग दुसरं. बापाच्या नावासकट, घराण्यासकट. ती कुठंही अडखळली नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती नावं रोज म्हणत असावी. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. तिसऱ्या नावाला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि “आमची आत्ती” असं शेजाऱ्याला सांगू लागला. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं खिशातलं पेन काढलं आणि नावं टिपून घेतली. सातवं नाव झाल्यावर तिनं माइक स्वतःच्या हातानं बाजूला केला आणि माझ्याकडं बघितलं.

पुढचा मी. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर. मी उठलो आणि मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व या विषयावर सात मिनिटं बोललो. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ भित्रे लोक बघितले, इतका भित्रा कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत बातमी होती. ‘गोठ्यातील शाळेच्या पहिल्या सात विद्यार्थिनींची नावे उजेडात.’ सातही नावं, नीट. त्यातली सगळ्यात धाकटी माझ्या सालाप्रमाणे शाळा सुरू झाली तेव्हा जन्मलीही नव्हती. चंपाक्काचं वय विचारून वजाबाकी करावी, एवढं एकाही उपसंपादकाला सुचलं नाही. महिन्याभरात शाळेच्या व्हरांड्यात रंगवलेली पाटी लागली, ‘आद्य विद्यार्थिनी’, खाली सात नावं.

मी आमच्या जुन्या ऑफिसात गेलो. तळमजल्यावरच्या फायली अजून होत्या, आणखी खाल्लेल्या. पहिलं साल, ज्येष्ठी पौर्णिमा, काही नाही. दुसरं साल. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवसाचा अंक, तिसरं पान, खालचा कोपरा. चार ओळी. सणाच्या दुसऱ्या दिवशी नाव उलटून सात मुली बुडाल्या. गावाचं नाव बरोबर. मुलींची नावं नाहीत. मी इंग्रजी तारीख मोजली, परत मोजली. माझ्या गोठ्याचीच तारीख.

लोकांना अशा ठिकाणी अंगावर काटा येतो. माझ्या धंद्यात योगायोगाला किंमत नाही. तीनशे सहासष्ट कार्डांवर काहीही टाकलं तरी ते कशाच्या तरी शेजारी पडतंच. तरी मी त्या तळमजल्यावर बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. त्या बारीक कार्डावर एक खरी ओळ बसायची होती. तिची जागा मी स्वतः बनवलेल्या ओळीनं भरली होती.

बसप्पाला सगळं सांगितलं. तोही आता निवृत्त. तो हसला नाही. म्हणाला, “ज्येष्ठातल्या त्या बेंदराला कारहुण्णिवी म्हणतो आम्ही. मला विचारायचं होतंस. वीस वर्षं चहा पीत होतो की शेजारी बसून.”

मी खुलासा लिहिला. शाळा खोटी, अपघात खरा, चूक माझी. आमच्या दैनिकात माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी वाचला आणि विचारलं, “हे नेटवर कुठं आहे का, सर? शाळेचं सगळीकडे आहे.” मी म्हटलं, फाइल दाखवतो. ते म्हणाले, ठेवून जा, बघतो. मी ठेवला नाही. छापण्याआधी जिची गोष्ट आहे तिला दाखवायला हवा, एवढी अक्कल त्या वयात आली होती.

चंपाक्काच्या पुढ्यात बसून मी कात्रणाची झेरॉक्स काढली आणि वाचली. तिनं परत वाचायला लावली.

“माझा बेंदूर चुकला, आक्का,” मी म्हटलं. “बातमी होती. मी भलत्याच महिन्यात शोधली. आणि ती शाळा मी बनवली. त्या दिवशी तुम्ही जिना उतरलात आणि मी बनवली.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “शाळा असती तर मी गेले नसते व्हय?”

मग मी खुलासा वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. समोरच्या शाळेत मधल्या सुट्टीचा कालवा चालला होता.

“ह्या पेपरात पोरींची नावं हाईत?” तिनं कात्रणावर बोट ठेवलं.

“नाहीत. नुसतं सात मुली म्हटलंय.”

“आणि त्या पाटीवर?”

“सातही आहेत.”

“दिस?”

“तोच. दगडावर आहे तो त्याच दिवसाचा आहे. मला माहीत नव्हतं.”

मला वाटलं, आता ती मला चार शिव्या देईल आणि मी मोकळा होईन.

“इतकी वर्सं मी इचारत हुते तवा तुमच्याकडं पुरावा न्हवता,” ती म्हणाली. “आता पुरावा घेऊन आलासा, आता माझं काम न्हाय. माझ्या थोरल्या बहिणीला शाळंत जायचं हुतं. लई मागं लागलीती. आमचा बा म्हणाला, शेंगा कोण टोकणार? म्हणून गेली नावंत.” तिनं ती झेरॉक्स घडी करून माझ्या हातात दिली. “आता गावानं घातलीया शाळंत. तिचं नाव रोज पोरी वाचत्यात. काढू नगासा तिला.”

म्हणून हा लेख असा आहे. गाव नाही, तारीख नाही, साल नाही, सातांतलं एकही नाव नाही. आयुष्यभर पुरावा मागितलेल्या माणसानं हे सगळं बिनपुराव्याचं लिहिलं आहे, आणि कुणी हुशार वाचक ते गाव शोधून काढायला निघालाच, तर त्याला एवढीच विनंती, की त्यानं घरी बसावं.

ऑफिसनं ते कपाट भंगारात काढलं तेव्हा मी ते घरी आणलं. त्या तारखेच्या कार्डावर माझ्या अक्षरात गोठ्यातल्या शाळेची ओळ आहे. तिच्याखाली मी चार ओळींचं कात्रण चिकटवलं आणि पेन्सिलीनं सात नावं लिहिली. खोडलं काहीच नाही.